दोरी हाती द्या

दोरीला चेंडू बांधून तो डोक्याभोवती गरगर फिरवून पाहा. हाताला ताण जाणवतो. चेंडूला आत ओढणारं बल ते हेच. दोरी सुटली की चेंडू स्पर्शिकेच्या दिशेने सरळ निघून जातो.

आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात हाच धडा भव्य रूपात गिरवला जातो. तिथल्या ‘इंडस-२’ या यंत्राच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाइतक्या झपाट्याने, सेकंदाला १७ लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. दोरीचं काम तिथे चुंबक करतात. चुंबकीय बल गतीला काटकोनात असल्याने चाल तीच राहते, दिशा मात्र वळते. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलला की त्वरण आलं. वळताना इलेक्ट्रॉन जो प्रकाश उधळतात, त्यातून संशोधक पदार्थांची अंतर्रचना उलगडतात.

बल, वेग, त्वरण या सदिश राशींचा प्राण दिशेत आहे. हे शब्द आपल्या मुलांना शाळेतल्या हिंदीत आणि घरच्या मराठीत सारखेच भेटतात. पालकांनो, सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हाती ती दोरी द्या. हा अंक त्याच आग्रहाने तुमच्यापुढे ठेवतो आहोत.