गोळा पोटरीत, गोळी कॅल्शियमची

रात्री पोटरीत गोळा आला, की सकाळच्या चहाबरोबर निदान तयार असतं : "कॅल्शियम कमी झालंय तुझं." मग औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात, मॅग्नेशियम येतं, रोजची दोन केळी ठरतात.

क्षार घटल्याने गोळे येतात, या मताला काहीच आधार नाही, असं नाही. उष्ण खाणीत घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या ब्रिटिश कामगारांना येणाऱ्या गोळ्यांचा मिठाशी असलेला संबंध के. एन. मॉस यांनी १९२३ मध्ये मांडला. पण पंख्याखाली झोपलेल्याला खाणकामगाराचा न्याय कसा लावायचा? क्षार घटले तर ते सगळ्या रक्तात घटतील. मग गोळा एकट्या डाव्या पोटरीतच का? आणि चवडा ओढताच तो सुटतो, तेव्हा अंगात कोणता क्षार गेला? केव्हिन मिलर यांच्या २०१० च्या प्रयोगात विजेच्या झटक्याने आणलेला गोळा काकडीच्या लोणच्याच्या पाण्याने साध्या पाण्यापेक्षा लवकर, सुमारे दीड मिनिटात सुटला. एवढ्यात रक्तातले क्षार बदलत नाहीत. मॅग्नेशियमचा ज्येष्ठांना फारसा उपयोग संभवत नाही, हा उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष.

मग खरं काय? बहुतेक गोळे मज्जातंतूंच्या अतिउत्तेजनाने येतात. झोपेत पाऊल खाली वळलेलं, पोटरी आधीच आखडलेली. तिला 'आवळ' हा निरोप मिळतच राहतो. म्हणून गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढावा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटरी ताणावी. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर झालेल्या २०१२ च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या अशा ताणाने गोळे घटले.

वारंवार गोळे येत असतील, तर निदान विचारपूस करूनच व्हावं. लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची औषधं चालू आहेत का? थायरॉईड, मधुमेह, गर्भारपण? चालताना दुखतं आणि थांबलं की थांबतं का? तसं असेल तर रक्तपुरवठा तपासायला हवा. एकच पाय सुजून गरम झाला, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ओठांभोवती मुंग्या येऊन हाताची बोटं आखडत असतील, तर कॅल्शियम जरूर तपासावं आणि कमी निघालं तर गोळीही घ्यावी.

न तपासता घेतलेल्या गोळीच्या भरवशावर यातला एकही प्रश्न विचारला जात नाही, माझं भांडण तेवढ्याशीच आहे.