फॉरमॅट मारा म्हणे!

ब्राउझर सारखा बंद पडतोय म्हटलं की दुरुस्तीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं. "गुरुजी, फॉरमॅट मारू, नाहीतर नवीनच घ्या." मला हे अजिबात पटत नाही. बेरीज चुकली म्हणून आम्ही पोराला पुन्हा पहिलीत बसवत नव्हतो. हातचा कुठे राहिला ते बघायचो.

इथे शिवऱ्यात मी तेच केलं. सगळी एक्स्टेंशन्स बंद केली, मग एकेक चालू केलं. ज्याच्यानंतर ब्राउझर कोसळला, तोच चोर! फायरफॉक्समध्ये यासाठी ट्रबलशूट मोड आहेच. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. या तपासाचं बिल होत नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही. फॉरमॅटचं होतं, आणि कॉपी काढून ठेवली नसेल तर नातवंडांचे फोटोही जातात.

राहता राहिलं "मशीन जुनं झालं". विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, २०२३ मध्ये क्रोमनंही १०९ व्या आवृत्तीनंतर त्याची साथ सोडली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन म्हातारं झालं नाही, त्याला वाळीत टाकलं. अशा बऱ्याच मशीनवर लिनक्स फुकटात आणि नीट चालतं.

तेव्हा दुकानदाराला आधी एवढंच विचारा, "बिघाड नेमका कुठे आहे?" उत्तर नसेल, तर मशीन उचला आणि घरी या.