बचतीच्या नावाखाली

आमच्याकडील सुशिक्षित मंडळींत एक मत हल्ली वारंवार ऐकू येते, आणि ते ज्या आत्मविश्वासाने बोलून दाखविले जाते त्यामुळेच ते तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. हे मत असे की, गावोगावच्या निवडणुका म्हणजे पैशाचा व वेळेचा निव्वळ अपव्यय होय. नगरसेवक नसले म्हणून नळाला पाणी यावयाचे थांबत नाही. एखादा कर्तबगार अधिकारी नेमून दिला म्हणजे कारभार उलट अधिक नेटका चालतो. या मताला आता एक नवा टेकू मिळाला आहे. लोकशाहीचे माहेरघर म्हणविणारे इंग्लंडच जर आपल्या लहान लहान कौन्सिलांना टाळे ठोकावयास निघाले आहे आणि ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलीत आहे, तर आपण कोण लागून गेलो, असा हा कोटिक्रम आहे. दाखला इंग्लंडचा असल्यामुळे तो इंग्लंडातच जाऊन तपासावा हे बरे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्लंडातील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारी तिकडची संस्था म्हणजे काउंटी. डिस्ट्रिक्ट तिच्या पोटातला, आपल्या तालुक्याच्या तोडीचा. १८९४ च्या कायद्याने शहरी व ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले निर्माण झाली. १९७२ च्या कायद्याने त्यांची मोडजोड होऊन १ एप्रिल १९७४ पासून नवा साचा अमलात आला. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची व अपंगांची देखभाल ही कामे काउंटीकडे. घरे, बांधकामाच्या परवानग्या, केरकचरा, मतदारांच्या याद्या ही डिस्ट्रिक्टकडे. कचरा एकाने उचलावयाचा आणि त्याची विल्हेवाट दुसऱ्याने लावावयाची, अशी काहीशी विनोदी वाटणीही तीत आहे. घरपट्टीसारखा जो कौन्सिल टॅक्स, तो वसूल करतो डिस्ट्रिक्ट. त्यातला मोठा हिस्सा जातो काउंटीच्या तिजोरीत. शिव्या मात्र बिलावर ज्याचे नाव छापलेले असेल त्याला.

अशा कौन्सिलाची निवडणूक सामान्यतः मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मतदान चालते. जागा म्हणजे एखादी शाळा, चर्चचा दिवाणखाना, क्वचित् मद्यगृहाची मागली खोली. उमेदवारास अनामत रक्कम भरावी लागत नाही. तो बहुधा स्वतःच सायंकाळी घरोघर पत्रके टाकीत हिंडतो, कुत्र्यांपासून बोटे सांभाळतो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे देतो ते प्रश्न ऐकून आमच्या प्रतिपक्षास हसू लोटेल: गावाबाहेरच्या शेतात घरे बांधू द्यावीत की नाही, मोटारी उभ्या करण्याचे शुल्क वाढवावे काय, पोहण्याचा तलाव चालू ठेवणे परवडते काय. मतदानास शंभरांतले तीस-पस्तीसच येतात हेही खरे. पण ज्या शेतात घरे उठावयाची त्याच्या कुंपणाशी ज्याचे घर आहे त्यास हा प्रश्न क्षुल्लक नसतो; आणि त्याचा निकाल देणारा मनुष्य त्याला शनिवारी बाजारात भेटतो, हे तर त्याहून महत्त्वाचे. राष्ट्राच्या परराष्ट्रनीतीवर तावातावाने बोलणारे पुष्कळ आढळतात. तिच्याबद्दल त्यांस कोणी जाब विचारीत नाही. गटाराबद्दल बोलणाऱ्यास मात्र दुसऱ्या दिवशी गटार दाखवावे लागते.

एका मताची किंमत काय, असे विचारणारांनी नॉर्थंबरलंडची २०१७ सालची हकीकत वाचावी. तेथे ब्लाइथ गावाच्या एका मतदारसंघात दोन उमेदवारांस समसमान मते पडली. फेरमोजणीनेही निकाल लागेना, तेव्हा काड्या ओढून जागा कोणाची ते ठरविण्यात आले. आणि त्या एका काडीमुळे ६७ जागांपैकी ३३ मिळविलेल्या हुजूर पक्षाचे बहुमत एका जागेने हुकले. त्या दिवशी घरी बसून राहिलेल्या एकाही मतदाराच्या मनास ही काडी टोचली नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता मूळ वादाकडे वळू. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने एक श्वेतपत्रिका काढून, जेथे काउंटी व डिस्ट्रिक्ट असे दोन थर आहेत तेथे ते मोडून एकच थर ठेवण्याचा बेत जाहीर केला. असे प्रदेश २१ आणि त्यांतील डिस्ट्रिक्टे १६४. त्यांच्या जागी सुमारे पाच लाख वस्तीचे एकेक कौन्सिल यावे, अशी कल्पना. कारणे दोन: पैसा वाचेल, आणि नागरिकास दोन दारे ठोठावण्याऐवजी एकच दार पुरेल. यातील दुसरे कारण अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. कचऱ्याच्या वाटणीचा मासला वर दिलाच आहे. पण दार एक झाले म्हणजे ते जवळ आले असे थोडेच आहे?

यॉर्कशरचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२३ रोजी उत्तर यॉर्कशरमधील सात डिस्ट्रिक्टे एकदम नाहीशी झाली आणि सुमारे ८,००० चौरस किलोमीटर प्रदेशावर एकच कौन्सिल उरले, सभासद ९०. म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडा मोठाच प्रदेश. त्यातील सर्व तालुका पंचायती, सर्व नगरपालिका बरखास्त करून बांधकामाच्या परवानगीपासून शाळेपर्यंतचा सगळा कारभार एका सभागृहात आणून ठेवला, अशी कल्पना वाचकांनी करावी. पश्चिमेच्या डोंगरातील स्किप्टनचा मेंढपाळ आणि पूर्वेच्या समुद्रकाठचा स्कारबरोचा खाणावळवाला यांचे हितसंबंध एका टेबलाशी बसून ठरावयाचे. यास सोय म्हणावयाचे असेल तर ती कोणाची सोय, हे विचारण्याचा हक्क त्या दोघांसही आहे.

आणि पैसा तरी वाचतो काय? मोठे म्हणजे सुरक्षित, हा समज इंग्लंडातील अनुभवानेच खोटा पाडला आहे. अकरा लाखांहून अधिक वस्तीचे, त्या देशातील सर्वांत मोठे कौन्सिल बर्मिंगहॅमचे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यानेच दिवाळखोरीच्या सूचनेचा कागद काढला. सॉमरसेटमध्ये चार डिस्ट्रिक्टे व काउंटी यांचे एकीकरण एप्रिल २०२३ मध्ये झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या कौन्सिलाने आर्थिक आणीबाणी पुकारली. नॉर्थॅम्प्टनशरची कथा तर न्यायाच्या दृष्टीने अजब आहे. तेथे फेब्रुवारी २०१८ मध्ये हात टेकले ते वरच्या काउंटी कौन्सिलाने. पण शिक्षा झाली ती काउंटीबरोबर खालच्या सातही डिस्ट्रिक्टांस. २०२१ साली ती सर्व विसर्जित झाली. सासूने घर बुडविले म्हणून सुनांना हाकलून देण्यासारखाच हा प्रकार!

प्रतिपक्ष येथे वोकिंगचे नाव काढील, आणि ते त्याने काढावेच. वोकिंग हे सरेतील एक डिस्ट्रिक्ट. त्याने गगनचुंबी इमारतींच्या व्यापारात उडी घेऊन आपल्या ऐपतीच्या कितीतरी पट कर्ज करून ठेवले आणि जून २०२३ मध्ये तेही खाली बसले. लहान संस्थाही मूर्खपणा करू शकतात, याचा यापरता पुरावा नको. परंतु हा सट्टा इतकी वर्षे बिनबोभाट कसा चालला? कौन्सिलांच्या हिशेबांवर देखरेख ठेवणारे ऑडिट कमिशन सरकारनेच ३१ मार्च २०१५ रोजी बंद केले होते, तेही बचतीच्याच नावाखाली. त्याआधीपासून सरकारी अनुदानास कात्री लागलेली होती आणि ‘तुमचे तुम्ही कमवा’ असा उपदेश वरून चालू होता. पहारेकरी काढून घ्यावयाचा, शिधा तोडावयाचा, आणि घरात चोरी झाली म्हणजे घरच पाडावयाचे. यास राज्यकारभाराचे शास्त्र म्हणण्यास आम्ही तयार नाही.

आम्हांस या साऱ्यात अधिक मनोरंजक वाटतो तो रटलंडचा इतिहास. रटलंड ही इंग्लंडातील चिमुकली काउंटी. १९७४ च्या फेररचनेत तिला कागदावरून पुसून लेस्टरशरचा एक डिस्ट्रिक्ट करून टाकले. शहाण्या लोकांच्या हिशेबाने प्रकरण तेथेच मिटावयास हवे होते. पण रटलंडच्या लोकांनी आपले नाव सोडले नाही, आणि तेवीस वर्षांनी, १ एप्रिल १९९७ रोजी, त्यांस आपले स्वतंत्र कौन्सिल परत मिळाले. वस्ती अवघी चाळीस हजारांच्या आसपास. तरी शाळांपासून रस्त्यांपर्यंतचा व्याप ते कौन्सिल वाहू लागले. पाच लाखांच्या आकड्याचे पूजक या चाळीस हजारांचे काय करणार? आकड्याने माणसे मोजता येतात. ती स्वतःस एका गावची केव्हा समजतात, हे आकड्याने कळत नाही.

या लहान संस्थांनी इंग्लंडास दिले काय, असेही कोणी विचारील. पार्लमेंटच्या मतदानाचे दार स्त्रियांस १९१८ साली, तेही अर्धवट, उघडले; पण १८९४ च्या कायद्याने विवाहित स्त्रियांसही खालच्या कौन्सिलांसाठी मत देता येऊ लागले आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलात बसताही येऊ लागले. १९०८ साली एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टरीणबाई ऑल्डबरो या लहानशा गावच्या मेयर झाल्या, तेव्हा त्यांस पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते! मोठ्या दरवाजावर ज्यांस मज्जाव होता ती माणसे या लहान दारांतून आत शिरली. आमच्याकडेही गोखल्यांसारख्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद कमीपणाचे मानले नाही. आणि परकीय अमलाचा प्रतिनिधी असूनही लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या ठरावात स्पष्ट म्हणून ठेवले की, स्थानिक संस्थांचा मुख्य हेतू कारभार अधिक चोख व्हावा हा नसून लोकांस राजकीय शिक्षण मिळावे हा आहे. आरंभी चुका होतील, त्या सोसल्या पाहिजेत. एका व्हाइसरॉयास जे कबूल होते ते आपल्या स्वतंत्र देशातील सुशिक्षितांस कबूल होऊ नये, ही गोष्ट आम्हांस मोठी चमत्कारिक वाटते.

निवडणुका पुढे ढकलण्याचा मुद्दा राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने सात काउंटी कौन्सिले, शिवाय थरक व आइल ऑफ वाइट, अशा नऊ ठिकाणच्या त्या मे महिन्यातील निवडणुका वर्षभर लांबणीवर टाकल्या. जी संस्था लवकरच मोडावयाची तिची निवडणूक घेण्यात खर्च कशाला, हे कारण. चार वर्षांसाठी निवडून दिलेल्या सभासदांस पाचवे वर्ष असे आयतेच मिळाले. ज्यांनी त्यांस निवडले होते त्यांचे मत कोणी घेतले नाही. शिवाय ज्या संस्थेचे मरण ठरवावयाचे तिच्याविषयी लोकांचे म्हणणे ऐकण्याची हीच शेवटची संधी होती. ती काढून घेण्यात काटकसर असेल, न्याय नव्हता. आम्ही या कृत्याचे समर्थन करीत नाही, आणि म्हणूनच ते आपल्याकडे दाखला म्हणून मिरविले जाते तेव्हा आम्हांस अधिकच खटकते.

कारण दाखला तरी नीट द्यावा. त्या नऊ ठिकाणी मुदत उलटून गेली तरी खुर्चीवर बसलेली माणसे लोकांनीच केव्हातरी निवडलेली होती; त्यांची सभा भरत होती, विरोधक प्रश्न विचारीत होते, वर्तमानपत्राचा बातमीदार मागल्या बाकावर बसत होता. मुंबईत काय झाले? ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली. आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात पडून राहिला, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी, तेही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर. मधली जवळजवळ चार वर्षे २२७ जागांपैकी एकाही जागेवर कोणी नव्हते. २०२५-२६ चे ७४ हजार कोटींहून मोठे अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकाच कचेरीतले. मांडले हाताखालच्या अधिकाऱ्यांनी, मंजूर केले आयुक्तांनीच, प्रशासक या नात्याने. इंग्लंडच्या सदोष उदाहरणातही याच्या समर्थनार्थ एक अक्षर सापडत नाही.

नळाला पाणी येतच होते, असे आमचे प्रतिपक्षी म्हणतात. येत होते. पण ज्या गल्लीत ते येत नव्हते तेथील बाईने त्या चार वर्षांत कोणाचे दार ठोठावयाचे होते, एवढे त्यांनी सांगावे.