मणक्याचे ऑपरेशन : छेद लहान, निर्णय मोठा

दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाया, भरवेली-मलाजखंडच्या खाणींत राबणारे कामगार, दुकानात तासन्‌तास बसणारे व्यापारी. कंबरदुखी आपल्या बालाघाटात कोणत्याही घरी सापडेल. दुखणे कंबरेतून पायात उतरले की एमआरआयची फाइल घेऊन गोंदिया, नागपूर किंवा जबलपूर गाठले जाते. तिथे कधीकधी ऐकू येते, "दुर्बिणीने करू, एक-दोन दिवसांत घरी." ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण होकार देण्याआधी थोडे समजून घेऊ या.

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पाठीचे स्नायू हाडापासून जास्त सोडवावे लागतात. दुर्बिणीच्या किंवा नळीच्या पद्धतीत लहान छेदातून आत जाऊन नस दाबणारा गादीचा तुकडा काढतात. स्नायूंना इजा आणि रक्तस्राव सहसा कमी होतो, रुग्ण लवकर उठतो. आतले काम मात्र तेच असते. नेदरलँड्समध्ये नळीच्या पद्धतीची नेहमीच्या सूक्ष्म ऑपरेशनशी तुलना झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर नळीची पद्धत सरस ठरली नाही. म्हणून "कोणत्या पद्धतीने?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "ऑपरेशन लागणारच आहे का?"

त्याच देशातला २००७ चा आणखी एक अभ्यास आहे. सहा ते बारा आठवडे सायटिकाने हैराण झालेल्या २८३ रुग्णांपैकी अर्ध्यांचे ऑपरेशन लवकर करायचे ठरले, बाकीच्यांना औषधे देऊन थांबवले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावेच लागले, बाकीच्यांचे त्याविना निभावले. वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. फरक एवढाच, की लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या वेदना लवकर थांबल्या. म्हणजे थांबणे हा चुकारपणा नाही आणि ऑपरेशन हा भित्रेपणाही नाही. वेदना किती सोसवते आणि काम किती दिवस थांबवता येते, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. ज्या नसेवर दाब दिसतो, दुखणे आणि मुंग्या त्याच नसेच्या वाटेवर हव्यात आणि डॉक्टरांच्या तपासणीतही तेच दिसायला हवे. तिन्ही जुळले तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. पायातली कळ ऑपरेशनने जशी जाते, तशी नुसती कंबरदुखी जाईलच असे नाही.

काही वेळा मात्र थांबायचे नसते. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडत जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठा. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे आणि पाठदुखी एकत्र असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी आधी करून घ्या.

दुर्बिणीची पद्धत सगळ्यांसाठी नसते. एका ठिकाणच्या सरकलेल्या गादीसाठी ती बहुधा सोयीची. अनेक मणके गुंतले असतील, मणका जागेवरून फार सरकला असेल किंवा पाठ वाकडी झाली असेल, तर दुसरा मार्ग लागू शकतो.

सर्जनला हे प्रश्न नि:संकोच विचारा. माझ्या दुखण्याचे नेमके कारण कोणते? थांबलो तर काय होईल? अशी ऑपरेशने आपण किती केली? पुन्हा गादी सरकण्याचा धोका किती? वजन उचलणे, शेतीकाम केव्हा सुरू करता येईल? तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते नागपूर-गोंदियाच्या योजनेतील रुग्णालयांतही चालते. पण हेच ऑपरेशन, याच पद्धतीने, त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वी आयुष्मान मित्राकडून पक्के करा. नाहीतर ऐनवेळी दागिना गहाण ठेवण्याची पाळी येते.

घरात चर्चा सगळ्यांनी करावी, पण शेवटचा शब्द ज्याची पाठ दुखते त्याचा असावा. घरातल्या बाईची पाठ असेल तर तिचाच.