गुरुत्वाकर्षणावरील विजय कोणी दडपला?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासावर एवढा पैसा खर्च होणार म्हटल्यावर एक जुनी शंका पुन्हा डोके वर काढते. पृथ्वीची ओढ नाहीशी करणारे यंत्र अमेरिकेने केव्हाच साधले असून, तेलाच्या व्यापाऱ्यांचे आणि सेनापतींचे हित राखण्यासाठी ते कुलूपबंद ठेवले आहे. मग त्या विद्येची बाराखडी गिरविण्यात आपण पैसे का घालवावेत? ही शंका हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु ज्या राज्यसंस्थांनी आपल्या प्रजेपासून खरोखरच पुष्कळ काही लपविले, त्यांच्याविषयी घेतलेला संशय केवळ हसून उडवावा, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याचा छडाच लावला पाहिजे.

ह्या कथेचा उगम मोठा विलक्षण आहे. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्याचे भाकीत केल्यामुळे गाजलेले रॉजर बॅबसन हे अमेरिकन धनिक. त्यांची बहीण लहानपणी बुडून मृत्यू पावली. तिला तळाशी ओढून नेणारे गुरुत्वाकर्षण हाच मानवाचा पहिला शत्रू, असे त्यांच्या मनाने घेतले. उतारवयात त्यांनी एक संस्था काढली आणि ह्या शत्रूला अडविणाऱ्या पदार्थाचा शोध लागावा म्हणून १९४९ पासून निबंधस्पर्धा सुरू केली. १९५३ चे पहिले पारितोषिक ब्राइस डीविट ह्या तरुण शास्त्रज्ञास मिळाले. आणि मौज अशी की, असल्या पदार्थाच्या मागे लागणे व्यर्थ आहे, असेच त्याने त्या निबंधात बजावले होते! पुढे स्टीफन हॉकिंग आणि आपले अभय अष्टेकर यांच्यासारख्यांनी ह्याच स्पर्धेत पारितोषिके मिळविली. नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने एक लेखमाला छापून, विमाने बांधणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या गुरुत्वाकर्षणावर मात करण्याच्या कामी लागल्याचे जाहीर केले. त्यानंतर लवकरच असल्या बातम्या ओसरल्या. दडपादडपीची कथा सुरू होते ती येथून. बोलणारे एकाएकी गप्प झाले, त्या अर्थी त्यांना काही तरी गवसले असले पाहिजे!

मौन हा पुरावा असू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. १९३९ मध्ये अणुविभाजनाचा शोध जगजाहीर झाला आणि वर्षभरातच अमेरिकन शास्त्रज्ञ त्याविषयी लिहिण्याचे टाळू लागले. युद्धसेवेत असलेल्या फ्ल्योरोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये नियतकालिके चाळली, तेव्हा ह्या विषयावर पूर्वी हिरिरीने लिहिणारी नावे त्यांतून नाहीशी झाल्याचे त्याच्या ध्यानात आले. अमेरिका अणुबाँब करीत आहे, हे त्याने त्या नाहीशा झालेल्या नावांवरून ओळखले आणि थेट स्टालिनला पत्र लिहिले. मोठे गुपित असे आपल्या सावलीवरून पकडले जाते.

तीच कसोटी १९५५ नंतरच्या काळाला लावून पाहावी. जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथे गुरुत्वाकर्षणावर परिषद भरली. ती भरविण्यात पुढाकार कोणाचा? त्याच डीविटचा आणि त्याची शास्त्रज्ञ पत्नी सेसिल हिचा. द्रव्यसाहाय्य करणाऱ्यांत अमेरिकेचे विमानदलही होते. तेथील चर्चेचे इतिवृत्त छापले गेले आणि आजही ते कोणासही वाचता येते. गुरुत्वलहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात, की त्या केवळ कागदावरचे गणित आहे, हा वाद तेव्हा धुमसत होता. काठीवर सैलसर ओवलेले मणी लहरीच्या हेलकाव्याने घासतील, घर्षणाने काठी तापेल, आणि उष्णता काही शून्यातून येत नाही, असा बिनतोड युक्तिवाद रिचर्ड फाइनमन यांनी तेथे मांडला. त्या युक्तिवादाने बळ दिलेल्या शोधाची परिणती १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वलहर प्रत्यक्ष टिपली जाण्यात झाली. वर्तमानपत्रे गप्प झाली होती. शास्त्रज्ञ मुळीच गप्प झाले नव्हते. विमानदलाच्या पदरी असलेले संशोधकही आपले निबंध उघडपणे प्रसिद्ध करीत होते. पुढे हा ओघ आटला तोही राजरोसपणे. लष्करी उपयोगाशी संबंध नसलेल्या संशोधनावर सैन्याचा पैसा खर्चू नये, असा निर्बंध अमेरिकन काँग्रेसने १९६९ मध्ये घातला.

मग मुळात ही गोष्ट शक्य आहे काय? विजेत धन आणि ऋण असे दोन प्रकार असतात, म्हणून धातूच्या पिंजऱ्याने तिला अडविता येते. वस्तुमान एकाच प्रकारचे आढळते. त्याला आड घालावयास प्रतिस्पर्धीच नाही. क्षणभर धरून चालू की, असा अटकाव करणारा पत्रा सापडला. तो उभ्या चाकाच्या अर्ध्या भागाखाली ठेवला, तर एक बाजू हलकी आणि दुसरी जड होऊन चाक फुकटात अखंड फिरत राहील. निसर्गाच्या हिशेबात असली फुकटेगिरी आजवर कोठे आढळलेली नाही. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले, तेव्हा गुरुत्वाकर्षणाला दूर लोटणारी बाजू असणे सिद्धान्ताला वर्ज्य नाही हे खरे; पण ती दीर्घिकांमधील अफाट अंतरांवर जाणवते, त्याने विटेचे वजन उतरत नाही. प्रतिद्रव्य तरी वर पडेल, अशी काहींना आशा होती. सर्न येथील प्रयोगात प्रतिहायड्रोजनही निमूटपणे खालीच पडतो, असे सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील पोदक्लेत्नोव्ह यांनी फिरत्या अतिवाहक तबकडीवर वस्तूंचे वजन किंचित घटते असे १९९२ मध्ये सांगितले, तेव्हा त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. नासासारख्या संस्थेने तो प्रयोग करून पाहण्याची खटपट केली. आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र पडताळणीत काहीही आढळले नाही.

संशयाला अजिबात आधार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. अमेरिकेत १९५१ च्या कायद्यान्वये पाच हजारांहून अधिक शोधांवर गुप्ततेचे आदेश लागू आहेत. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही तशी तरतूद आहे. बंद पेटीत काय आहे हे सांगावयाचे नाही आणि लोकांनी तर्कही करावयाचा नाही, ही अपेक्षा सरकारांनी सोडून द्यावी. परंतु पेटी बंद आहे, म्हणून तीत आपल्या मनातलीच वस्तू आहे, असे ठरत नाही. ही खोड केवळ परदेशी लोकांची नव्हे. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले आणि इंग्रजांनी ती विद्या दडपली, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. तिला जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासला. तो १९०४ पूर्वीचा नव्हे आणि त्यातली विमाने उडू शकणारी नव्हेत, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणजे उड्डाण आधी आणि शास्त्र मागाहून!

दडपणूक शोधावयाचीच असेल, तर औंढ्याच्या माळावर एक साधा प्रश्न उभा आहे. गुरुत्वलहर सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि अवघ्या सहा दिवसांत आपल्या वेधशाळेस तत्त्वतः मान्यता मिळाली. पैशाची मंजुरी मिळावयास त्यानंतर सात वर्षे लागली. भारतासाठी राखून ठेवलेली उपकरणे ह्या अवधीत अमेरिकेतील हॅनफर्ड येथे पेट्यांत पडून होती. ती सात वर्षे कोणा तेलसम्राटाने दडपली नाहीत. ह्यापुढे तरी किती काम झाले, किती पैसा खर्ची पडला आणि कोणती फाईल कोणाच्या टेबलावर आहे, ह्याचा तपशील सरकारने दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.