यंत्राचा पंचनामा आणि दाद मागण्याचा हक्क

२०२० च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीन शेतातच कुजले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या कारणास्तव विमा कंपनीने लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. या लढ्यात शेतकऱ्यांचा आधार होता तो सरकारी पंचनाम्यांचा. पंचनाम्यावर तलाठ्याची सही असते, पंच असतात. तो खोटा असेल तर खोटा ठरवता येतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये पीकविम्यात तंत्रज्ञानाधारित उत्पादन-अंदाजाला काही पिकांपुरते किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण आणले. उपग्रहचित्रे, हवामानाच्या नोंदी आणि संगणकीय प्रतिमाने यांवरून हा अंदाज निघतो. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरणही मंजूर केले. यात वावगे काही नाही. पीककापणी प्रयोग बांधावर न जाता उरकले जातात, ही तक्रार जुनीच आहे. परंतु तसा प्रयोग करणारा कर्मचारी निदान सापडतो तरी. प्रतिमानाची चूक कोणाच्या दप्तरी नोंदवायची?

ही भीती काल्पनिक नव्हे. शेजारच्या तेलंगणात संगणकीय पडताळणीच्या आधारे शिधापत्रिका रद्द झाल्या, तेव्हा त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. सरकारी साहाय्यास पात्र कोण, हे ठरवणाऱ्या प्रणालींना युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात अतिजोखमीच्या वर्गात घातले. आपल्या केंद्र सरकारने मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून स्वतंत्र कायद्याची तूर्त गरज नाही, अशी भूमिका घेतली. तत्त्वे चांगली आहेत. पण तत्त्वभंगाबद्दल कळंब किंवा परंड्याच्या शेतकऱ्याने कोणत्या कचेरीत अर्ज द्यावा, याचे उत्तर त्यांत नाही.

ते उत्तर पीकविम्याच्या नियमांतच घालता येईल. यंत्राने काढलेला आकडा आणि त्याची कारणे महसूल मंडळनिहाय मराठीत चावडीवर लागली पाहिजेत. हरकत आल्यास शेत पाहून तो आकडा बदलण्याचा अधिकार तालुक्यातील एका नेमक्या अधिकाऱ्यास हवा, आणि निर्णयाला मुदत हवी. प्रतिमान हे व्यापारी गुपित आहे, ही सबब येथे चालू देऊ नये. विम्याच्या हप्त्यात सरकारी तिजोरीचा पैसा आहे.