ठेका संपला, लॉगिन चालूच

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला. माऊस हलवून उपयोग होईना. कर्सरने उपकेंद्रांचे ब्रेकर उघडले, मग ऑपरेटरलाच बाहेर काढले. परत आत शिरावे तर पासवर्ड बदललेला. त्या दिवशी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे २.२५ लाख ग्राहकांचे दिवे गेले. हल्लेखोरांना दार फोडावे लागले नाही. कर्मचाऱ्यांना बाहेरून आत येण्यासाठी ठेवलेल्या व्हीपीएनचे पासवर्ड त्यांनी आधीच मिळवले होते आणि ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हतीच. वीज काही तासांत परतली, कारण तिथल्या माणसांना उपकेंद्रात जाऊन हाताने ब्रेकर पुन्हा जोडता येत होते.

यातून जग शहाणे झाले म्हणावे, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अलिक्विपा इथे पाण्याचा दाब राखणारा कंट्रोलर हॅकरांच्या हाती गेला. त्या बनावटीचा कारखान्यातून येणारा पासवर्ड? ११११.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली. राज्याचे मंत्री सायबर घातपात म्हणाले, केंद्र मानवी चूक म्हणाले. पुढच्या वर्षी केंद्रीय वीज प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे चांगलेच झाले. पण गावोगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांचे काय? पंप आणि व्हॉल्व्ह स्काडावर, म्हणजे संगणकीय नियंत्रण प्रणालीवर, आले की देखभाल ठेकेदाराकडे जाते. त्याचा माणूस दुसऱ्या शहरात बसून लॅपटॉपवरून बिघाड काढतो. रात्री दोन वाजता पंप अडला तर ही सोय मोलाची, ती बंद करा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की ठेका संपल्यावर ते लॉगिन कुणी बंद केले? नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारून पाहा. फाईल शोधायला माणूस धावेल.

कंट्रोलर थेट इंटरनेटवर नकोच. बाहेरचा माणूस मधल्या एका सर्व्हरवरूनच आत यावा, दुहेरी पडताळणी करून, प्रत्येकाच्या स्वतंत्र नावाने. केंद्रातल्या अभियंत्याने कामापुरती वाट उघडावी, काय बदलले त्याची नोंद राहावी, काम झाले की वाट बंद. यात अवघड असे काही नाही, खर्चही पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पुढची स्काडाची निविदा स्थायी समितीसमोर येईल तेव्हा सदस्यांनी पंपाच्या अश्वशक्तीच्या आधी चालू लॉगिनची यादी मागावी. ती मिळेपर्यंत ठेकेदाराचे बिल अडवून ठेवावे.